संपाचा हक्क नसलेले कामगारांचे राज्य

चीनचे नाव निघाले की आपल्याकडे एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे दोन गोट एका सुरात बोलू लागतात. पहिला गोट कारखानदारांचा. त्यांना तेथील रुंद रस्त्यांचा आणि तक्रार न करणाऱ्या मजुरांचा हेवा वाटतो. दुसरा गोट आमच्याच डाव्या चळवळीतील काही मित्रांचा. बँका आणि जमीन शासनाकडे आहे, तेव्हा लोकशाहीची उणीव वगळता बाकी सारे समाजवादीच आहे, अशी त्यांची श्रद्धा. ज्याला हे मित्र उणीव म्हणतात तोच त्या अर्थव्यवस्थेचा पाया आहे, असे माझे म्हणणे आहे.

देण्याजोगे श्रेय प्रथम देऊन टाकू. चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसे आत्यंतिक दारिद्र्यातून बाहेर आली, हा जागतिक बँकेचा हिशेब नाकारण्याचे कारण नाही. साक्षरतेत आणि आरोग्यात तर १९७८ पूर्वीच चीन आपल्या पुढे गेला होता. अमर्त्य सेन यांनी हे आपल्याला वारंवार सुनावले आहे. मात्र १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली, तेव्हा राज्यकर्त्यांना जाब विचारणारे वृत्तपत्र वा विरोधी पक्ष तेथे नव्हता, हेही सेन यांनीच दाखवून दिले. आणि सुधारणांचे सारे श्रेय पक्षाच्या दूरदृष्टीला तरी कसे द्यावे? १९७८ साली आनहुई प्रांतातील श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी सामुदायिक जमीन गुपचूप कसायला वाटून घेतली. आपल्यापैकी कोणी तुरुंगात गेल्यास त्याची मुले इतरांनी सांभाळावीत, हेही कागदावर लिहून ठेवले. पक्ष नंतर त्यांच्या मागून आला.

आता मजुराकडे वळू. १९५८ च्या नोंदणी कायद्याने प्रत्येक नागरिक आपल्या मूळ गावाशी बांधला गेला. ‘हुकोऊ’ नावाची ही नोंद आईबापांकडून मुलांकडे येते. २०२० च्या जनगणनेत नोंदीच्या जागेपासून दूर राहणारे ३७ कोटींहून अधिक लोक आढळले. लहान शहरांनी निर्बंध सैल केले आहेत. बीजिंग आणि शांघाय यांनी मात्र दार किलकिलेच ठेवले आहे. तेथे इमारती बांधणाऱ्या मजुराला त्या शहरातील शाळा, रुग्णालय आणि निवृत्तिवेतन यांवर समान हक्क नाही. म्हणून त्याची मुले गावी आजीआजोबांपाशी वाढतात. शहराला त्याचे श्रम हवेत, कुटुंब नको. आपल्याच देशात परदेशी ठरलेला असा मजूर स्वस्त पडणार नाही तर काय!

त्याने संघटित व्हावे म्हटले, तर कायदेशीर कामगार महासंघ एकच, आणि तो पक्षाच्या अधीन. १९७५ आणि १९७८ च्या राज्यघटनांत संपाचा हक्क होता. १९८२ च्या घटनेतून तो गळाला. पोलंडमध्ये ‘सॉलिडॅरिटी’ उभी राहून तेव्हा दोनच वर्षे झाली होती, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

याचे परिणाम राष्ट्रीय हिशेबात उमटतात. वेतने वाढली, हे खरे. परंतु तेथे कुटुंबांचा उपभोग राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ४० टक्के भरतो. आपल्या गरीब देशातही तो ६० टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेले कोठे जाते? मोठा भाग गुंतवणुकीत: कारखान्यांत, महामार्गांत आणि रिकाम्या सदनिकांत. १९९४ च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला, खर्चाचा भार मात्र स्थानिक शासनांवर राहिला. त्यांनी शेतकऱ्यांकडून अल्प मोबदल्यात जमीन घेऊन बिल्डरांना चढ्या दराने देण्याचा धंदा आरंभला. अधिकाऱ्याची बढती वरच्या समितीच्या हाती असल्यामुळे खालच्यांच्या रागाची त्याला फिकीर नव्हती. २०२१ मध्ये ‘एव्हरग्रांद’ ही प्रचंड बांधकाम कंपनी कर्जफेड चुकवू लागली, तेव्हा या इमल्याचा पाया किती पोकळ आहे ते जगाला दिसले.

लाभधारक कोण, हेही लपलेले नाही. २००२ साली पक्षाने आपली घटना बदलून भांडवलदारांना सभासदत्व खुले केले. त्या देशात वारसा कर नाही. (आपणही तो १९८५ मध्ये रद्द केला, हे कारखानदार मित्रांना सांगण्याची गरज नाही.) कामगारांच्या नावाने चालणारे राज्य श्रीमंत बापाच्या मुलाला इतके निश्चिंत ठेवते, यावर आमच्या डाव्या मित्रांनी कधी लेख लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मे २०१८ मध्ये बीजिंगच्या भव्य लोकसभागृहात मार्क्सची द्विशताब्दी साजरी झाली. शी जिनपिंग यांनी भाषण केले. त्याच जुलैत शेन्झेनच्या ‘जेसिक’ कारखान्यातील कामगारांनी आपला संघ स्थापण्याचा प्रयत्न केला. त्यांना कामावरून काढले गेले, मग अटका झाल्या. त्यांच्या बाजूने उभे राहण्यासाठी बीजिंग आणि अन्य विद्यापीठांतील मार्क्सचा अभ्यास करणारे तरुण विद्यार्थी दक्षिणेत गेले. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांच्या मुक्कामावर छापा घातला आणि सुमारे ५० जणांना पकडून नेले.