‘इथलं फेमस काय?’ हे विचारणं आता सोडा

सुट्टी लागली की आपली माणसं दोन प्रश्न खिशात घालून घराबाहेर पडतात. खोली मिळेल का, आणि इथलं फेमस काय? पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्यापायी मात्र आपण कितीतरी गावं नुसती पाहून परत येतो, त्यांची चव काही कळत नाही. हॉटेलात शिरल्या शिरल्या ‘फेमस काय?’ विचारलंत की पोऱ्या एका नजरेत ताडतो, ही बाहेरची पार्टी. मग बाहेरच्या पार्टीसाठी जे शिजवून ठेवलेलं असतं तेच तुमच्या पुढ्यात येतं. त्या बिचाऱ्याचं काही चुकत नाही. विचारलंत तसं मिळालं.

माझं सांगणं एवढंच, की पुढच्या सहलीला हा प्रश्न बदला. ‘आज तुमच्या घरी काय केलंय?’ असं विचारा. रिक्षावाल्याला विचारा, लॉजच्या गल्ल्यावर बसलेल्या काकांना विचारा, भाजीवालीला तर विचाराच. ती आधी हसेल, मग सांगेल. जे सांगेल ते त्या गावचं आणि त्या महिन्यातलं जेवण असेल. ते कुठे मिळेल हेही तिलाच माहीत असतं. दिवसातून एक वेळ तरी तसं जेवा, आणि घरी परतल्यावर आठवड्याभरात त्यातला एखादा पदार्थ स्वतः रांधून बघा. फोटो मोबाइलमध्ये पडून राहतात हो, पदार्थ हातात राहतो.

जुलैतलं मालवण घ्या. पावसाळी सहलीला हल्ली खूप जण जातात आणि बसल्या बसल्या सुरमई मागवतात. आता 1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचे दिवस आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणं आहेत. तरीही ताटात सुरमई येते, कारण तुम्ही मागितलीत. ती आली कुठून? बर्फातून. दर ताज्या मासळीचा आणि चव शीतपेटीची, वर तुम्ही गावी जाऊन सांगणार की मालवणात पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत!

अशाच एका पावसाळ्यात तिकडच्या एका छोट्या खानावळीत मी मालकीणबाईंना माझा तो नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “आमका काय, कुळथाची पिठी नि भात. ता तुमका आवडतला?” म्हटलं, वाढा तर खरं. त्यांनी मला चुलीपाशीच बसवलं. भाजून दळलेल्या कुळथाचं पीठ पाण्यात सैलसर कालवलेलं होतं. लसूण ठेचून तेलात टाकली, ती तांबूस होईपर्यंत त्या बोलत होत्या, आणि पीठ ओतल्यावर एकदम गप्प झाल्या. कारण आता हात थांबवायचा नव्हता. दोन आमसुलं पडली, पळी फिरत राहिली, कडेनं बुडबुडे आले तशी पिठी दाटली. निखाऱ्यावर सुका बोंबील भाजून हातानं मोडून ताटात टाकला. बाहेर धो धो पाऊस. मेन्यूकार्डावर यातलं काहीही नव्हतं, आणि पैसे किती लावायचे हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी साध्या थाळीचेच लावले.

शाकाहारी मंडळींनी पावसाळ्यात कोकण चुकवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मासळी बंद आणि रानभाजी चालू, असा तो हिशेब आहे. टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी. रायगड-ठाण्याकडे पहिल्या पावसानंतर शेवळं येतात, अगदी लोकलच्या स्टेशनांबाहेर टोपल्या घेऊन बायका बसतात. शेवळं घेताना विकणारी काकडंही पुढे करते, ती आंबट हिरवी फळं. शहरातलं गिऱ्हाईक म्हणतं, ही नकोत, नुसती भाजी द्या. असं करू नका. शेवळं घशाला खाजतात, आणि त्यावरचा उतारा म्हणून ती काकडं असतात. तिनं दिलेली जोडी मोडलीत तर रात्रभर घसा खाजवत बसाल.

म्हणून गावात पोचलात की देऊळ, किल्ला, समुद्र जे काय असेल ते पाहाच, पण त्याआधी बाजाराचा वार विचारा. ज्या गावी आठवडी बाजार भरतो तिथे मुक्काम त्या वाराला धरून ठेवा. गोव्याला जाणारे शनिवार-रविवार गाठतात आणि म्हापशाचा शुक्रवार हुकवतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. मयड्याची मोठाली केळी, दोऱ्यात ओवलेले चोरिस सॉसेज, काणकोणातल्या खोल्याची लालभडक मिरची, मातीची भांडी, मीठ, सगळं एका आवारात. आणि गोव्यात सकाळी हॉटेलचा फुकट नाश्ता सोडून खाली उतरा. सायकलचा भोंगा वाजवत पाववाला पोदेर येतो, त्याच्याकडून उंडे पाव घ्या, कोंड्याची पोई घ्या. टोस्ट तुम्हाला डोंबिवलीतही मिळतो.

आता खानदेशाबद्दल थोडं पाल्हाळ लावतो, कारण तिकडे सहलीला म्हणून कोणी जातच नाही. अजिंठ्याला जाऊन परस्पर माघारी फिरतात. जळगाव तिथून फार लांब नाही. थंडीत गेलात तर भरीत खाल्ल्याशिवाय निघायचं नाही. तिकडचं भरीताचं वांगं निराळं. हिरवं-पांढरट, लांबोडकं, बिया कमी, साल पातळ. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचं नाव निघतं, आणि जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण नुसतं वांगं आणून भरीत होत नाही. ते भाजतात कपाशीच्या वाळलेल्या काट्यांवर. वेचणी झाल्यावर शेतात ज्या काड्या उरतात त्या पेटवायच्या, वर वांगी रचायची. काट्या भसकन पेटतात, जाळ मोठा आणि झटपट. वांग्याची साल काळी ठिक्कर पडते, आत गर शिजून लोण्यासारखा होतो आणि धूर त्यात मुरतो. मग गरम गरम सोलायची. हे काम करणाऱ्या बायकांची बोटं पाण्याच्या भांड्यात आणि वांग्यावर अशी आळीपाळीनं फिरतात की बघत राहावं. सोललेला गर लाकडी बडगीत घालून, भाजलेल्या हिरव्या मिरच्या नि लसणीबरोबर कुटायचा. वर तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही, दही तर नाहीच.

तिथे असाल तर कुटून होईपर्यंत जवळ उभे राहा. पदार्थ कसा करतात हे विचारण्याचीही एक रीत आहे. ‘मीठ किती, तिखट किती’ असं विचारलंत तर ‘अंदाजानं’ आणि ‘चवीपुरतं’ एवढंच हाती लागेल. घरच्या सुगरणीला माप माहीत नसतं. तिचा हातच माप असतो. त्याऐवजी ‘आता काय बघताय?’ असं विचारा. म्हणजे ती सांगते, मिरचीची साल सुटली की काढायची, तेलातल्या शेंगदाण्याचा तडतडाट थांबला की पात टाकायची, तेल कडेला दिसलं की उतरवायचं. हे लिहून घ्या. वाटी-चमच्याच्या मापासाठी ‘रुचिरा’ आहेच. 1970 सालापासून मराठी घरांत ते पुस्तक हळदीचे डाग मिरवत उभं आहे आणि मी त्याचं मीठ खाल्लंय. पण पुस्तक वास सांगू शकत नाही. तो तुम्ही जाऊन घ्यायचा.

आता हे घरी कसं करणार? तिसऱ्या मजल्यावर कपाशीच्या काट्या पेटवल्यात तर सोसायटीचा सेक्रेटरी आधी येईल आणि अग्निशमन दल नंतर. तेव्हा गॅसवरच भाजा. वांग्याला तेलाचा हात लावा, दोन-चार टोचे मारा, जाळ मोठा ठेवा आणि फिरवत राहा. मंद आचेवर वांगं नुसतं उकडतं. सोलल्यावर नळाखाली धुऊ नका, सगळा खमंगपणा मोरीत जाईल. थोडी काळी साल राहिली तर राहू दे. आणि मिक्सर नको. मिक्सरनं चिकट लगदा होतो. पितळी खलबत्ता असेल तर उत्तम, नसेल तर कढईतच रवीच्या बोंडानं ठेचा. काट्यांचा धूर येणार नाही, तो यावा म्हणून पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडण्याचे प्रयोगही करू नका. तो वास छान असतो, पण दुसऱ्याच पदार्थाचा. त्या धुरासाठी पुन्हा जळगावला जाता येईल, गाडी आहे.

इंदूरबद्दल एकच सांगतो. होळकरांचं गाव असल्यानं आपल्या लोकांना तिथे पोहे खाऊन माहेरी आल्यासारखं वाटतं, आणि सोबत जिलेबी आली की गोंधळायला होतं. गोंधळू नका, खा. रात्री सराफ्यातली दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे भुट्ट्याचा कीस घ्या. मक्याचा कीस दुधात शिजवलेला असतो, घरी सहज जमतो, मुलांना आवडतो.

परदेशी सहलीत रोज पोहे-शिरा नि वरण-भात देणाऱ्या कंपन्यांची टिंगल करायची हल्ली फॅशन आहे. मी करत नाही. सत्तरीतल्या आजींना गोळ्या घेण्याआधी पोटात काहीतरी ओळखीचं लागतं, आणि आल्प्सच्या थंडीत गरम पिठलं मिळालं तर त्यात वाईट काय? पण ज्यांचे दात आणि पोट शाबूत आहे त्यांनी एका दुपारी गटातून सटकावं. तिथल्या एखाद्या बेकरीत शिरावं, जे लोक रांगेत आहेत ते काय घेतात ते बघावं आणि बोट दाखवून तेच मागावं. भाषा लागत नाही. मुलांना सोबत न्या, ती आपल्यापेक्षा धीट असतात.

खरेदीविषयी. सहलीहून आणायच्या वस्तूंत चिक्की-फज यांचं स्थान मी हिरावून घेत नाही, पण सामानात थोडी जागा फडताळासाठीही ठेवा. कोल्हापूरला गेलात तर कांदा-लसूण मसाला घ्या, आणि तो शक्यतो उन्हाळ्यात, जेव्हा घरोघरी मिरच्या वाळत असतात आणि डंकावर कुटण्यासाठी रांगा लागतात. दुकानदाराला मिरची कुठली ते विचारा. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी, असं मिश्रण चांगलं. रंग जाळासारखा दिसला तरी जीभ जळलीच पाहिजे असं काही नाही. कोल्हापूरकर तांबड्याबरोबर पांढरा रस्सा उगीच पीत नाहीत. मसाला तेलकट असतो, दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर सासूबाईंसाठी घेतलेल्या साडीला कोल्हापूर कायमचं चिकटेल.

कोकणातून आमसूल आणा, पण ते चकचकीत लाल दिसत असेल तर ठेवून द्या. चांगलं आमसूल काळपट असतं, बोटाला मऊ लागतं. कोकमाची फळं उन्हाळ्यात पिकतात, म्हणून मे अखेरीला गेलात तर यंदाचंच मिळेल. कोकमाच्या आगळाची एक बाटली घेतलीत तर सोलकढीची सोय झाली. फक्त आगळात मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ घालण्याआधी चाखा, आणि नारळाचं दूध घातल्यावर गॅसकडे नेऊ नका, फुटेल. तिरफळं घ्या मूठभर. आतली काळी बी काढून टाकायची, कामाची ती साल. बांगड्याच्या नाहीतर तारल्याच्या कालवणात चार-पाच फुटकी तिरफळं शेवटी शेवटी टाका. पापलेटात टाकू नका. सुके बोंबील आणणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की एस.टी.त तुमच्या मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं आहे. तीन पिशव्या, वर वर्तमानपत्र, आणि ते बोचकं पायाशी न ठेवता टपावर किंवा डिकीत.

हे वाचून निघावंसं वाटलं असेल तर थंडीची वाट बघा आणि ज्वारीच्या मुलखात जा. सोलापूर, नगर, मराठवाडा. साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत कणसं हुरड्यात येतात. हुरड्याच्या नावाखाली हल्ली रेन डान्स आणि डीजे असतो, तिथे जायचं तर जा, पण मग हुरडा खायला गेलो होतो असं म्हणू नका. ओळखीपाळखीतून एखादा शेतकरी गाठा. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांची आगटी, तिच्यात खुपसलेली कणसं, आणि तळहातांत चोळून काढलेले वाफाळते हिरवे दाणे. लसणीची नि तिळाची चटणी, गूळ, दही. खातानाच भाजत जायचं, कारण निवलेला हुरडा चिवट होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी न विसरता फोन करा आणि दाणा अजून दुधात आहे का ते विचारा. दाणा आवळला असं शेतकऱ्यानं सांगितलं, तर आलोच आहोत म्हणून हट्ट धरू नका. बेत पुढच्या वर्षावर टाका आणि त्या रविवारी घरीच थालीपीठ लावा.