मोडक्या खडूंना नवा जन्म द्या, प्लास्टिकच्या चमकीविना

वार्षिक परीक्षा आटोपली की विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूरच्या घराघरांत दप्तरे उलटी होतात. वह्यांची कोरी पाने फाडून बाजूला काढली जातात, पट्टी आणि कंपास पुढच्या इयत्तेसाठी जपून ठेवले जातात. तळाशी उरतात ते रंगीत खडूंचे तुकडे: झिजून बोटाएवढा झालेला लाल, कागद सुटलेला निळा आणि वर्षभर कोणी हातही न लावलेला पांढरा. त्यांची रवानगी थेट कचऱ्याच्या डब्यात होते. हेच तुकडे वितळवून, साच्यात ओतून, हवी असल्यास थोडी झळाळी देऊन नवे खडू करता येतात. हे काम वसई-विरारच्या शाळांनी मनावर घ्यायला हवे. मात्र ही झळाळी प्लास्टिकच्या चमकीची नसावी.

दहा-वीस रुपयांत नवी पेटी मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे एखादा पालक विचारेल. प्रश्न रास्त आहे. एका दप्तरातून निघणारे तुकडे मूठभरही भरत नाहीत आणि त्यामुळे गोखिवऱ्याच्या कचराभूमीवरचा डोंगर खाली येणार नाही. लाभ आहे तो शिकण्यातला. उष्णता दिली की घनाचा द्रव होतो आणि थंड झाला की पुन्हा घन, हे मूल पुस्तकात वाचते. तेच डोळ्यांसमोर घडताना पाहिले तर ते पाठ करावे लागत नाही. लाल आणि पिवळ्याचे तुकडे एकत्र वितळले की नारिंगी मिळतो, निळ्या-पिवळ्याचा हिरवा होतो आणि दिसेल तो रंग टाकत गेले तर शेवटी मातकट तपकिरी हाती येतो. चित्रकलेच्या तासाला रंगचक्र फळ्यावर काढून जे समजवावे लागते, ते इथे भांड्यात दिसते.

वसई-विरार ज्यात येते त्या पालघर जिल्ह्याला हाताने करून शिकण्याची ही दृष्टी बाहेरून उसनी आणावी लागणार नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजले. माँटेसरी पद्धतीची तयार साधने महाग होती, आदिवासी पाड्यांवर ती परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून शिकवण्याची साधने उभी केली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. साधन विकत आणता आले नाही तर ते घडवावे, आणि घडवतानाच मूल शिकते, हा विचार याच मातीत सिद्ध झालेला आहे.

रंगांच्या बाबतीत तर जिल्ह्याची परंपरा त्याहून जुनी आहे. शेणामातीने सारवून गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, एवढ्यावर वारली चित्रकला उभी राहिली. ती जगापुढे नेणारे डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री देण्यात आली. दुसरीकडे, १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या आणि पुढे रंगांसाठी घरोघरी पोहोचलेल्या कॅम्लिनचा एक कारखाना याच जिल्ह्यात, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. घरी केलेला रंग आणि कारखान्यातला रंग, दोन्हींशी इथल्या माणसांचे नाते आहे. मेणही वसईला परके नाही. २ नोव्हेंबरला मृत भाविकांच्या स्मरणदिनी इथल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळतात.

जुन्या खडूंचे नवे खडू करण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर चालतो तो अमेरिकेत. तिथल्या अनेक उपाहारगृहांत मुलांना जेवण येईपर्यंत रंगवायला खडू देतात आणि टेबल आवरताना ते फेकून देतात. कॅलिफोर्नियातील ब्रायन वेअर यांना हे खटकले आणि त्यातून ‘क्रेयॉन इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली. उपाहारगृहे, शाळा आणि घरांतून आलेले खडू स्वयंसेवक रंगांनुसार वेगळे करतात. ते वितळवून धरायला सोपे असे जाडसर नवे खडू ओतले जातात आणि मुलांच्या रुग्णालयांना भेट दिले जातात.

शाळेत किंवा घरी हे करताना सर्वांत आधी खडू ओळखावा लागतो. आपल्या बाजारात तीन प्रकार मिळतात. मेणाचा खडू म्हणजे पॅराफिन मेण, रंगद्रव्य आणि थोडी पांढरी भुकटी. नखाने खरवडला की त्याचा भुगा पडतो. हाच वितळवायचा. ऑइल पेस्टल मऊ असतो, बोटाला लागतो. त्यातल्या तेलामुळे तो मेणात मिसळला तर नवा खडू नीट घट्ट होत नाही. प्लास्टिक क्रेयॉन उकळत्या पाण्याच्या उष्णतेने धड वितळतच नाहीत. म्हणून पहिली पायरी निवडण्याची, आणि ती मुलांनीच करावी.

पुढचे सोपे आहे. तुकडे कोमट पाण्यात भिजवले की कागद अलगद सुटतो. मग ते पूर्ण कोरडे करायचे, कारण तापलेल्या मेणात पाण्याचा थेंब पडला तर मेण उडते. जवळच्या छटा एकत्र करून एका जुन्या स्टीलच्या भांड्यात घ्यायच्या आणि ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचे. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. ते फार तापले तर त्याची वाफ पेट घेते. पाण्याच्या पातेल्यात मात्र ते शंभर अंशांपलीकडे जात नाही. वितळलेले मेण सिलिकॉनच्या साच्यात ओतले की अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होते आणि थंड होताना आकसत असल्याने साच्यातून सहज सुटते. गॅस आणि ओतणे मोठ्यांकडे, निवडणे, सोलणे, रंग जुळवणे मुलांकडे, अशी वाटणी असावी. वापरलेले भांडे आणि साचा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. भांडे गरम असतानाच रद्दीच्या कागदाने पुसावे, मोरीत धुऊ नये, कारण नळीत गेलेले मेण थिजते आणि पाणी तुंबते.

आता चमकीविषयी. स्टेशनरीच्या दुकानातली, रांगोळीवर आणि नाताळच्या गोठ्यावर भुरभुरली जाणारी चमकी बहुतेकदा ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याचे बारीक कण असते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात, आणि चमकी कारखान्यातूनच त्या आकाराची बाहेर पडते. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून अशा सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. चमकी हाताला, कपड्यांना, बाकाला चिकटते, हात धुतले की गटारात जाते. वसई-विरारच्या दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पश्चिमेला अरबी समुद्र. इथली गटारे आणि नाले अखेर तिकडेच पोहोचतात. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावचे कोळी ज्या पाण्यावर पोट भरतात, त्यात मुलांच्या हस्तकलेचे प्लास्टिक कशासाठी मिसळायचे?

शिवाय या चमकीचा खडूला उपयोगही थोडाच. साच्यातून निघालेला खडू चमचमतो खरा, पण चमकीचे कण मेणासारखे कागदावर पसरत नाहीत. जास्त घातले तर खडू ठिसूळ होतो. ज्यांना झळाळी हवीच आहे त्यांनी अभ्रकाची बारीक पूड चिमूटभर वापरावी. ती कागदावरही मंद चकाकते. अभ्रक मेणाच्या जवळपास तिप्पट जड असल्याने पातळ मेणात तळाशी बसते, म्हणून मेण किंचित दाटसर व्हायला लागल्यावर पूड ढवळून ते लगेच ओतावे. पूड नाकातोंडात जाऊ नये यासाठी हे काम मोठ्यांनीच करावे. रंगाच्या दुकानात मिळणारी सोनेरी धातूची पूड मुलांच्या खडूत अजिबात घालू नये.

अभ्रक घेतानाही चौकशी हवी. झारखंडमधील कोडरमा आणि गिरिडीहच्या पट्ट्यात अभ्रक वेचण्याच्या कामाला लहान मुले जुंपली जातात, हे वारंवार उघड झाले आहे. एका मुलाच्या खडूसाठी दुसऱ्या मुलाचे बालपण खर्ची पडू नये. प्रयोगशाळेत तयार होणारे कृत्रिम अभ्रक मिळते, ते घ्यावे. ते मिळाले नाही तर चकाकीशिवायचा खडूही सुंदर दिसतो. दोन-तीन रंगांचे वितळलेले मेण न ढवळता एका साच्यात ओतले तर संगमरवरासारख्या रेषा उमटतात आणि एकाच खडूतून रंग बदलत जातो.

यासाठी वेगळा तास शोधावा लागणार नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची शिफारस आहे. त्यातला एक शनिवार खडूंना द्यावा. एप्रिलमध्ये शाळेच्या दाराशी एक खोका ठेवून मोडके खडू जमवावेत आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते वितळवून नवे खडू जवळच्या अंगणवाडीत पोहोचवावेत. महापालिकेने शाळांना हे सुचवावे आणि शाळांच्या हस्तकला साहित्याच्या यादीतून प्लास्टिकची चमकी काढून टाकावी. पालकांनीही या एप्रिलमध्ये दप्तर रिकामे करताना खडूंचे तुकडे एका डब्यात बाजूला ठेवावेत.