परक्यांचे गाणे

आपल्या चळवळीत एक समज खोलवर रुजलेला आहे. कर्कश गिटार, फाटके कपडे आणि आरडाओरडा यांनी भरलेले पंक संगीत म्हणजे भांडवली समाजातील चैनखोर तरुणांचा उच्छाद, कष्टकऱ्यांच्या राजकारणाशी त्याचा काय संबंध, असे आपण सहज म्हणून जातो. हा समज तपासून पाहण्यासाठी दक्षिण लंडनमधील एका अल्पजीवी बँडची कहाणी उपयोगी पडेल.

१९७९ साली स्थापन झालेल्या या बँडचे नाव 'एलियन कल्चर', म्हणजे 'परकी संस्कृती'. चौघांपैकी तिघे पाकिस्तानी स्थलांतरितांची मुले, तर गिटारवादक गोरा. जानेवारी १९७८ मध्ये, विरोधी पक्षनेत्या असताना, मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत वेगळ्या संस्कृतीच्या लोंढ्यात देश बुडून जाईल, अशी लोकांना भीती वाटते, या आशयाचे उद्गार काढले होते. या तरुणांनी तो आरोपच नाव म्हणून धारण केला आणि 'कल्चर' शब्दात 'सी'ऐवजी मुद्दाम 'के' हे अक्षर घातले.

हे 'परके' ब्रिटनमध्ये आले कसे? महायुद्धानंतर तेथे मजुरांची तीव्र टंचाई होती. लँकेशायर-यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांतील रात्रपाळ्या, मिडलँड्सच्या ओतशाळा, लंडनच्या बसगाड्या या ठिकाणी अल्प वेतनावर राबणारे हात हवे होते. ते भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजमधून आले. पुढे उद्योगांना उतरती कळा लागली. १९७६ साली ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरावा लागला आणि सरकारी खर्चाला कात्री लागली. तेव्हा या मजुरांकडे बोट दाखवून 'नॅशनल फ्रंट'सारखे वंशवादी पक्ष सांगू लागले की, तुमच्या नोकऱ्या यांनी पळवल्या.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या युक्तिवादातील खोटेपणा स्पष्ट करावासा वाटतो. देशातील नोकऱ्यांची संख्या म्हणजे मोजून ठेवलेल्या भाकऱ्या नव्हेत. बाहेरून आलेला मजूर काम करतो, तसा खरेदीही करतो. त्याच्या मागणीतून इतरांना काम मिळते. शिवाय ब्रिटनने १९६२, १९६८ आणि १९७१ अशा तीन कायद्यांनी राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर क्रमाक्रमाने बंधने घातली. तरीही जानेवारी १९८२ मध्ये बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. नोव्हेंबर १९७९ मध्ये सतरा टक्क्यांवर नेलेला व्याजदर कारखान्यांच्या मुळावर आला. तो दर काही साउथॉलच्या किराणा दुकानदाराने ठरवला नव्हता.

परंतु किंमत त्यालाच मोजावी लागली. जून १९७६ मध्ये साउथॉल येथे गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा भररस्त्यात खून झाला. मे १९७८ मध्ये पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या वस्त्रकामगाराचा बळी गेला. एप्रिल १९७९ मध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेला विरोध करणारे शिक्षक ब्लेअर पीच पोलिसी कारवाईत मृत्युमुखी पडले.

याच काळात पंक संगीत उदयास आले होते. त्याचे व्याकरण साधे होते: दोन-तीन स्वरसंगती, वेगवान ताल, तालमीची वा भांडवलाची प्रतीक्षा नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही आहे त्याने उभे राहावे आणि सांगावे. १९७६ साली एरिक क्लॅप्टन या विख्यात गिटारवादकाने बर्मिंगहॅमच्या मंचावरून वंशद्वेषी उद्गार काढले. त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ जन्मली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्राफल्गार चौकातून निघालेला तिचा विशाल मोर्चा व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचला. तेथे 'द क्लॅश' हा पंक बँड आणि 'स्टील पल्स' हा कृष्णवर्णीयांचा रेगे बँड एकाच व्यासपीठावरून गायले. एलियन कल्चर घडला तो या वातावरणात, आणि वाजवू लागला तोही याच चळवळीच्या कार्यक्रमांत. १९८० साली त्यांची एकमेव तबकडी निघाली. तिच्या एका बाजूचे गीत आशियाई तरुणांविषयी आणि दुसऱ्या बाजूचे दोन संस्कृतींच्या सीमेवर जगण्याविषयी होते.

त्यांच्या दृष्टिकोनाचे वैशिष्ट्य असे की तो दुधारी होता. रस्त्यावरच्या वंशवाद्याला त्यांनी आव्हान दिले. पण घरातील वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवलेली लग्ने आणि 'आपली संस्कृती' म्हणून लादलेली बंधनेही त्यांना मान्य नव्हती. बाहेरून हल्ला होत असताना घरातील अन्यायाविषयी मौन पाळावे, असा मोह प्रत्येक पीडित समाजाला होतो. तो त्यांनी टाळला. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्यालाही हे नेहमी जमलेले नाही.

दोन वर्षांत हा बँड विसर्जित झाला. कोणी म्हणेल, मग साधले काय? तेवढ्या संगीताने वंशवाद नष्ट झाला नाही, हे खरेच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात एका अफवेवरून ब्रिटनमध्ये मशिदींवर आणि आश्रयार्थींच्या निवासांवर जमावांनी हल्ले केले. आपल्याकडेही २००८ साली रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबईत मारहाण झाली. बेकारीचे खापर परक्याच्या माथी फोडण्याची युक्ती सर्वत्र सारखीच असते.

म्हणूनच कार्यकर्त्यांनी या कहाणीतून बोध घ्यावा. बेकार तरुणाचा संताप हे कोरे पान असते. त्यावर प्रथम कोण लिहितो याला महत्त्व आहे. १९७८ च्या ब्रिटनमध्ये वंशवाद्यांच्या आधी तेथे पोहोचण्याची निकड काही डाव्या कार्यकर्त्यांनी ओळखली, आणि ते आपली आवड-निवड बाजूला ठेवून तरुणांना कळणाऱ्या भाषेत बोलले. शाहिरीची आणि कलापथकांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या चळवळीने हे विसरावे, ही खेदाची गोष्ट आहे. आपल्या वस्त्यांतील मुले आज जे गात आहेत ते आपल्या कानांना कदाचित रुचणार नाही. तरीही आधी ते ऐकले पाहिजे; अभिरुचीची चर्चा मागाहूनही करता येईल.