रानटर्की आणि शिकाऱ्याची साद

अमेरिकेंतील रानटर्कीच्या शिकारीचें वर्णन वाचतांच आमचे सुशिक्षित वाचक नाक मुरडतात. मादीचा आवाज काढून नराला बंदुकीच्या टप्प्यांत आणावयाचें, ही का मर्दुमकी? हें तर निव्वळ कपट, असा त्यांचा आक्षेप! कपट आहे हें आम्हीही नाकबूल करीत नाहीं. परंतु तें सोपें आहे, हा समज मात्र साफ चुकीचा आहे.

वसंतांत पहाटे नर झाडावरून आरोळी ठोकतो आणि माद्या त्याच्याकडे जातात, असा निसर्गाचा क्रम. शिकारी हा क्रम उलटवूं पाहतो. नवशिका मनुष्य नराचें उत्तर मिळतांच हुरळतो व एकामागून एक साद घालीत सुटतो. परिणाम काय? मादी येतच आहे असें समजून नर जागच्या जागीं पिसारा फुलवून उभा राहतो. जाणता शिकारी दोन-तीनदां हळुवार साद घालून गप्प बसतो. त्या मौनानें नराची उत्सुकता वाढते आणि पुष्कळदां तो आवाजही न करतां समोर येऊन ठाकतो. त्याची दृष्टि इतकी तीक्ष्ण, कीं हात हलला तरी खेळ संपला! आर्कान्सामधील हेन्री गिब्सन यानें १८९७ सालीं साद घालण्याच्या लांकडी पेटीचें पेटंट घेतलें. तशा पेट्या आजही बाजारांत मिळतात; धीर मात्र ज्याचा त्यानेंच कमवावा लागतो.

म्हणूनच ध्वनिमुद्रित आवाज वाजविणाऱ्या यंत्राला तेथील अनेक राज्यांनीं या शिकारींत बंदी केली आहे, ती सर्वथा योग्य होय. यंत्राला ऐकावें लागत नाहीं, आणि ऐकणें हाच तर या विद्येचा गाभा.

उरला नीतीचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा पक्षी नामशेष होण्याच्या बेतास आला, तो सादेमुळें नव्हे, तर जंगलतोड आणि बेसुमार हत्या यांमुळें. पुढें १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या संवर्धनास मिळूं लागला. रानांतले पक्षी पकडून दुसऱ्या रानांत सोडण्यांत आले, आणि ओसाड रानें पुन्हां गजबजलीं. वसंतांत बहुधा नरच मारावा, तोही ठराविक संख्येनें, असा तेथील नियम आहे.

तेव्हां नाक मुरडावयाचेंच असेल, तर तें हांवेला मुरडा. तासन् तास निश्चल बसून रानाचा कानोसा घेणाऱ्याला नव्हे!