परवाना आहे म्हणजे औषध तपासलेलं आहे?

औषधाची स्ट्रिप हातात आली की तुम्ही किंमत आणि एक्स्पायरी पाहता. तिथे उत्पादकाचा परवाना क्रमांकही छापलेला असतो, पण तो कोणी वाचत नाही. सरकारने तपासलंच असेल, असं आपण धरून चालतो. चीनमधले रुग्णही तेच धरून चालले होते.

१९७८ नंतर चीनने अर्थव्यवस्था बाजाराला खुली करायला घेतली आणि औषधांचे कारखाने भराभर वाढले. नियंत्रणासाठी १९९८ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. मात्र औषध उद्योग सांभाळणारं सरकारी खातंच तिच्यात विलीन केलं आणि त्या खात्याचे प्रमुख झेंग शियाओयू हेच संस्थेचे पहिले प्रमुख झाले. कालपर्यंत संघ सांभाळणाऱ्याच्या हाती आज पंचाची शिट्टी! पुढे लाच घेऊन परवाने दिल्याचं उघड झालं आणि जुलै २००७ मध्ये झेंग यांना मृत्युदंड दिला गेला.

त्याआधी, २००६ मध्ये, ग्वांगझूच्या एका रुग्णालयात इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. दहाहून अधिक जण दगावले. औषधात प्रोपिलीन ग्लायकॉलऐवजी डायइथिलीन ग्लायकॉल होतं. दोन्ही रंगहीन, दाटसर द्रव. डोळ्यांना फरक कळत नाही. दुसरं स्वस्त आणि किडनीला विषारी. कच्च्या मालाची नीट चाचणी झाली असती तर ते तिथेच सापडलं असतं. कारखान्याकडे परवाना होता बरं का.

आपण चीनला नावं ठेवू नयेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच विषाने भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला तो त्यासाठीच.

माझं मत स्पष्ट आहे. एका अधिकाऱ्याला मृत्युदंड दिल्याने बातमी होते, यंत्रणा सुधारत नाही. मला खरी सुधारणा वाटते ती जुलै २०१५ ची. चीनच्या नियामकाने मंजुरीसाठी आलेल्या १,६२२ अर्जांच्या कंपन्यांना बजावलं: रुग्णांवरील चाचण्यांची माहिती स्वतः पुन्हा तपासा, खोटी असेल तर अर्ज मागे घ्या, नंतर आम्ही येऊन पाहू. बहुतेक अर्ज मागे घेतले गेले! परवान्याआधी कोणीतरी खरोखर तपासणार, एवढ्या धाकाने हे झालं.

आपल्याकडे सीडीएससीओ दर महिन्याला दर्जाहीन ठरलेल्या औषधांची यादी बॅच क्रमांकासह संकेतस्थळावर टाकते. तुमच्या मेडिकलवाल्याला एकदा विचाराच, ती यादी तो बघतो का, आणि त्यातली बॅच दुकानात असेल तर तिचं काय करतो.