एआयने लाखो अँटिबायोटिक्स शोधली म्हणे! पण बनवणार कोण?

'एआयने साडेआठ लाख नवी अँटिबायोटिक्स शोधली' असं सांगणारं एक रील आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग. मी मूळ पेपर उघडला. आकडा खोटा नाहीये. 'सेल' या जर्नलमध्ये २०२४ साली आलेल्या या संशोधनात मशीन लर्निंगने जगभरातल्या सूक्ष्मजीवांचा जनुकीय डेटा चाळून ८,६३,४९८ पेप्टाइड्स वेगळी काढली. त्यातली १०० प्रत्यक्ष बनवून तपासली आणि ७९ कामाची निघाली. प्रमाण जबरदस्तच आहे. पण ही औषधं नाहीत, औषध होण्याचे उमेदवार आहेत. बाकीचे तर अजून फाइलमध्येच पडून आहेत.

गरज मात्र खरी आहे. औषधांना दाद न देणाऱ्या बॅक्टेरियांमुळे २०१९ या एका वर्षात जगात अंदाजे १२.७ लाख माणसं गेली.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मायकेल झॅस्लॉफ या संशोधकाच्या लक्षात आलं की ऑपरेशन केलेले बेडूक गढूळ पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. १९८७ मध्ये त्याने बेडकाच्या कातडीतून अशी पेप्टाइड्स शोधली आणि त्यांना नाव दिलं मॅगेनिन. आपल्या शरीरातही एलएल-३७ नावाचं पेप्टाइड बनतं. ३७ अमिनो आम्लं, म्हणजे डीएनएमधली रेसिपी जेमतेम १११ अक्षरांची. एका एसएमएसमध्ये मावेल!

ही साखळी केमिकल पद्धतीने एकेक मणी ओवत बनवता येते, पण ते महाग पडतं. म्हणून आयडिया अशी की हा 'मेसेज' ई. कोलाय बॅक्टेरियात टाकायचा आणि माल त्याच्याकडून बनवून घ्यायचा. इन्सुलिन असंच बनतं. अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये मंजुरी मिळाली.

पण इन्सुलिन बॅक्टेरियाला मारत नाही, हे पेप्टाइड मारतं. म्हणजे कामगाराला स्वतःच्याच नावाची सुपारी घ्यायला लावायची! शिवाय एवढी छोटी साखळी दिसली की पेशीतली एन्झाइम्स तिचे तुकडे पाडतात, ते वेगळंच.

यावर तोडगा आहे कव्हरचा. पेप्टाइडच्या रेसिपीला 'सुमो' नावाच्या मोठ्या प्रोटीनची रेसिपी जोडून देतात. दोन्ही एकाच साखळीत बनतात, पेप्टाइडचा डंख झाकला जातो आणि बॅक्टेरिया जगतो. मग पेशी फोडायच्या, ही जोडगोळी वेगळी काढायची आणि खास एन्झाइमने बरोबर सांध्यावर कापायची. रीलमध्ये ही पायरी कधीच नसते, पण पैसा इथेच जातो. सुमो साधारण १०० अमिनो आम्लांचा, एलएल-३७ फक्त ३७ चं. म्हणजे चार किलो जोडगोळीतून हातात येतो जेमतेम एक किलो माल, आणि तोही वाटेत काहीच वाया गेलं नाही तर.

निसर्गाने हा गुंता कधीच सोडवलाय. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा दुधातला बॅक्टेरिया नायसिन नावाचं पेप्टाइड बनवतो आणि त्यापासून स्वतःला वाचवणारं प्रोटीनही सोबतच बनवतो. चीजच्या पाकिटावर २३४ नंबरचं प्रिझर्वेटिव्ह दिसलं तर ते हेच. मला तरी पुढचे लाख उमेदवार शोधण्यापेक्षा असे स्वतःचं विष पचवणारे कामगार घडवणं जास्त गरजेचं वाटतं.

माल बनला तरी परीक्षा संपत नाही. मॅगेनिनवरून तयार केलेलं पेक्सिगॅनान हे मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठीचं औषध ट्रायलपर्यंत पोचलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मंजुरी नाकारली.

आणि 'पेप्टाइड्सपुढे बॅक्टेरियाचं काही चालत नाही' असं कुणी म्हणालं तर कोलिस्टिन आठवा. तेही बॅक्टेरियापासून मिळणारं पेप्टाइडच, डॉक्टरांनी शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवलेलं. पण ते कोंबड्या-डुकरांच्या खाद्यातही सर्रास गेलं. २०१५ मध्ये चीनमध्ये त्याला निष्प्रभ करणारं एमसीआर-१ हे जनुक सापडलं, एका बॅक्टेरियाकडून दुसऱ्याकडे सहज शेअर होणारं. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या आणि खाण्यासाठी पाळलेल्या इतर प्राण्यांना कोलिस्टिन द्यायला बंदी घातली, तोवर ते जनुक अनेक देशांत पोचलं होतं.