रिपोर्ट निगेटिव्ह, तरी डेंग्यू? किटमधली अँटीबॉडी नेमकं काय शोधते, समजून घेऊ

मागच्या पावसाळ्यात पालमहून चुलत भावाने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. खाली मेसेज: "दादा, आईचा एनएस१ निगेटिव्ह आलाय. म्हणजे डेंग्यू नाही ना?"

काकूला ताप येऊन सहावा दिवस होता. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण ही टेस्ट कशी चालते ते वाचलेलं होतं, म्हणून म्हटलं, "एवढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना परत दाखवा." परभणीला दुसरी टेस्ट झाली आणि डेंग्यूच निघाला. काकू आता ठणठणीत आहे. पण मग पहिला रिपोर्ट खोटा होता का? नाही. त्याला प्रश्न चुकीच्या दिवशी विचारला होता.

पट्टीच्या आत काय चालतं?

एनएस१ हे डेंग्यूच्या व्हायरसचं एक प्रोटीन. व्हायरस शरीरात वाढत असताना ते रक्तात येतं. रॅपिड किटच्या पट्टीवर हे प्रोटीन ओळखणाऱ्या, लॅबमध्ये बनवलेल्या अँटीबॉडी असतात. एक अँटीबॉडी रंगीत कणांना चिकटवलेली, दुसरी 'टी' रेषेवर पक्की बसवलेली. रक्तात एनएस१ असेल तर तो दोघींच्या मध्ये सँडविचसारखा अडकतो, रंग तिथेच साठतो आणि रेषा दिसते. 'सी' रेषा फक्त एवढंच सांगते की पट्टी नीट चालली.

पण एनएस१ रक्तात कायम राहत नाही. पहिले चार-पाच दिवस तो सापडायची शक्यता जास्त, नंतर घटत जाते. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर आणखी लवकर हातातून निसटतो. पाचव्या दिवसानंतर शोधायचं असतं ते आपल्याच शरीराने बनवलेलं आयजीएम. त्यासाठी एलायझा नावाची टेस्ट होते. तिचं किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, बनवते आणि ते देशभरातल्या सरकारी लॅबना जातं. गंमत म्हणजे त्या किटमध्येही डेंग्यूला ओळखणारी लॅबमधली अँटीबॉडी लागतेच.

'राम' शोधलं की 'आराम' पण सापडतो

फोनमध्ये 'राम' सर्च करा. 'आराम' पण येईल, 'रामफळ' पण येईल. अँटीबॉडीचंही तसंच. ती अख्खा व्हायरस बघत नाही, प्रोटीनचा एक छोटा तुकडा ओळखते. तसाच तुकडा दुसरीकडे असेल तर तिथेही चिकटते. डेंग्यू आणि झिका एकाच कुळातले. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा रुग्ण निघाले. अशा वेळी नुसत्या अँटीबॉडीवर विसंबता येत नाही, व्हायरसचा जनुकीय कोड शोधणारी आरटी-पीसीआर लागते.

उलट चूक म्हणजे असलेलं न दिसणं. जून २०२० मध्ये आयसीएमआरने कोविडच्या पहिल्या रॅपिड अँटिजेन किटला मान्यता दिली. तपासणीत ते किट बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोकांनाच पकडत होतं. निरोगी माणसाला पॉझिटिव्ह म्हणण्याची चूक मात्र फार कमी. म्हणून नियम ठरला: पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, लक्षणं आहेत आणि निगेटिव्ह, तर आरटी-पीसीआर करा. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबचं घरी करायचं 'कोविसेल्फ' आलं, त्यालाही हाच नियम होता.

अँटीबॉडीचा सोर्स कोड

या अँटीबॉडी येतात कुठून? जुनी पद्धत म्हणजे ससा किंवा बकरीच्या रक्तातून. जनावर बदललं की माल बदलला. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी उंदराच्या पेशींपासून एकाच प्रकारची अँटीबॉडी सतत बनवायची युक्ती काढली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्या पेशीही मरतात, बदलतात. २०१५ मध्ये ब्रॅडबरी, प्लुकथुन आणि शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये मागणी केली की संशोधनात वापरायच्या अँटीबॉडीचा जनुकीय क्रम माहीत असलाच पाहिजे. आपल्या भाषेत, नुसती एपीके नको, सोर्स कोड द्या. कोड असला की तीच अँटीबॉडी कुठल्याही लॅबला पुन्हा बनवता येते आणि तपासताही येते.

मग रिपोर्ट वाचायचा कसा?

पुढच्या वेळी पीडीएफ आली की फक्त 'निगेटिव्ह' हा शब्द बघू नका. तीन गोष्टी बघा:

१. काय शोधलंय? एनएस१ की आयजीएम?
२. तापाचा कितवा दिवस होता?
३. रॅपिड की एलायझा? सरकारी नियमात डेंग्यूचं रॅपिड किट 'संभाव्य' धरतात, पक्कं निदान एलायझावर.

आणि एक गोष्ट रिपोर्टपेक्षा मोठी. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, खूप सुस्ती, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. ताप उतरला म्हणून बिनधास्त होऊ नका, डेंग्यूत धोका नेमका तेव्हाच वाढतो.

गावाकडच्या फॅमिली ग्रुपवर हे टाकून ठेवा. पावसाळ्यात कुणाला तरी लागेलच.